अंगण आणि दप्तर : वंचित बालकांसाठी वस्तीच्या आधाराने झालेल्या प्रयत्नांचा आढावा

प्रश्नाचे स्वरूप

ज्या घरात उद्याच्या भाकरीची निश्चिती नाही अशा घरी जन्मलेले मूल जगावे, अंगाने भरावे आणि चार अक्षरे शिकावे, अशी इच्छा धरून जे कोणी पुढे सरसावले, त्यांच्यापुढे पहिल्याच पावलाला एक निवड उभी राहिली : मुलाला त्या घरातून उचलून बऱ्या जागी न्यावयाचे, की ते बरेपण त्याच्याच उंबऱ्यापाशी, त्याच्या आईच्या आणि शेजारणींच्या हातून घडवावयाचे. वसतिगृहे, आश्रमशाळा आणि बालगृहे ही पहिल्या मार्गाने गेलेल्यांची निर्मिती होय; बालवाडी, अंगणवाडी, गावातील आरोग्यसेविका आणि वस्तीतील अभ्यासवर्ग ही दुसऱ्या मार्गाने गेलेल्यांची. दोन्ही मार्गांनी महाराष्ट्रात मोठे काम झाले आहे. प्रस्तुत लेखात दुसऱ्या मार्गाचा आजमितीस काय हिशेब लागतो, त्याविषयी कोणती मते प्रचलित आहेत आणि कोणते मुद्दे अद्याप निकालात निघालेले नाहीत, हे पाहावयाचे आहे. विवेचन मुख्यतः महाराष्ट्रापुरते ठेवले असून झारखंड, ओडिशा आणि उत्तर प्रदेश येथील दाखले जेथे तुलनेसाठी अपरिहार्य वाटले तेथेच घेतले आहेत.

आरंभीच एक सावधगिरी नमूद करणे अवश्य आहे. गाव हे एकजीव असते असे गृहीत धरून ज्या योजना आखल्या जातात त्यांना गावात पाय ठेवताच ठेच लागते, कारण गावात जसा पाटलाचा वाडा असतो तशी गावकुसाबाहेरची वस्तीही असते, आणि ग्रामपंचायतीच्या चावडीवर भरणाऱ्या बैठकीस पाड्यावरची बाई सहसा येत नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४८ साली घटना समितीत ग्रामसंस्थेविषयी जी कठोर शंका उपस्थित केली ती राज्यकारभाराच्या संदर्भात होती हे खरे. परंतु बालकल्याणाच्या कामातही ती शंका पदोपदी आठवावी असे अनुभव पुढे येत गेले आहेत. गावाच्या आधाराने काम करावयाचे म्हणजे गावातील नेमक्या कोणाच्या आधाराने, हे विचारल्यावाचून पुढील कोणत्याही हकीगतीचा अर्थ नीट लागत नाही.

पूर्वपीठिका

वंचितांच्या मुलांसाठी समाजाकडून साधने उभी करण्याची परंपरा आपल्याकडे जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांच्या १८४८ च्या शाळेपासून आणि १८६३ च्या बालहत्या प्रतिबंधक गृहापासून मोजण्याची रीत आहे. छत्रपती शाहू महाराजांनी १९०१ पासून कोल्हापुरात निरनिराळ्या जातींच्या विद्यार्थ्यांसाठी वसतिगृहांना आश्रय दिला आणि १९१७ साली आपल्या संस्थानात सक्तीच्या व मोफत प्राथमिक शिक्षणाचा कायदा केला. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली स्थापिलेल्या रयत शिक्षण संस्थेची वसतिगृहे घरोघरच्या बायकांनी दळणातून बाजूला काढून ठेवलेल्या मूठमूठ धान्यावर, म्हणजे मुष्टिफंडावर, चालत असत. मुलगा घर सोडून वसतिगृहात येत असला तरी त्याच्या पोटाला लागणारे धान्य खेड्यांतूनच येत होते, आणि यामुळे ती संस्था कोणा एका दात्याची न राहता पंचक्रोशीची झाली. परंतु या सर्व प्रयत्नांच्या कक्षेत जो आला तो शाळेत जाण्याच्या वयाचा मुलगा, आणि कमी प्रमाणात मुलगी. शाळेपूर्वीचे, रांगणारे, बोबडे बोलणारे, आईच्या पाठीशी बांधून मजुरीवर जाणारे मूल या कक्षेच्या बाहेरच राहिले.

त्या मुलाकडे महाराष्ट्राचे लक्ष वळविण्याचे श्रेय ताराबाई मोडकांकडे जाते. भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत गिजुभाई बधेका यांच्या सहवासात त्यांनी माँटेसरी पद्धतीचा अभ्यास केला, १९२६ साली नूतन बाल शिक्षण संघाच्या स्थापनेत भाग घेतला आणि १९३६ साली दादरला शिशुविहार सुरू केले. या पद्धतीतील महागडी परदेशी साधने आणि पांढरपेशा वस्तीतील नीटनेटकी मुले पाहिल्यावर हे शिक्षण गरिबाच्या मुलापर्यंत कसे पोहोचावयाचे, हा विचार त्यांना स्वस्थ बसू देईना. आणि वयाची पन्नाशी उलटल्यावर, १९४५ साली, त्यांनी तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र काढले. तेथे त्यांना अनुताई वाघ येऊन मिळाल्या. बालपणीच वैधव्य आलेल्या आणि स्वतःच्या हिमतीवर शिकून शिक्षिका झालेल्या अनुताईंनी पुढची सारी हयात या कामाला दिली.

बोर्डीच्या बालवाडीत गावातली मुले येऊ लागली, पण हरिजन वस्तीतली मुले येईनात. त्यांच्या आयांना सकाळी कामावर जावयाचे असे, मुलांना न्हाऊ घालून गावाच्या दुसऱ्या टोकाला पोहोचविण्यास कोणी नसे, आणि बालवाडीत आपल्या मुलाला कोणी कसे वागवील याची धास्तीही असे. तेव्हा शिक्षिकांनी आपला पसारा उचलला आणि त्या वस्तीतल्याच एका अंगणात वर्ग मांडला. हीच अंगणवाडी. पुढे १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात संस्थेने कोसबादच्या टेकडीवर, वारली पाड्यांच्या मध्यभागी, मुक्काम हलविला, तेव्हा हीच युक्ती आणखी एक पाऊल पुढे गेली : जी मुले गुरे राखावयास जात त्यांच्यासाठी गुरांच्या मागोमाग कुरणात जाऊन भरणारी कुरणशाळा निघाली. शंख, शिंपले, बिया, पाने, माती ही शिक्षणाची साधने झाली. मूल शाळेत येत नसेल तर दोष मुलाचा वा आईबापांचा न मानता शाळेची वेळ, जागा आणि रीत बदलावयाची, हे सूत्र येथे प्रथम स्पष्टपणे आचरणात आले. आणि पुढील साठ-सत्तर वर्षांत या क्षेत्रात जे जे यशस्वी झाले त्याच्या मुळाशी बहुतेक ठिकाणी हेच सूत्र सापडते.

जामखेड आणि गडचिरोली

आरोग्याच्या क्षेत्रात हाच विचार दोन वेगळ्या वाटांनी पुढे गेला, आणि या दोन वाटांमधील फरक ध्यानात घेतल्याशिवाय आजचा वाद समजणार नाही.

डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० साली तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातील दुष्काळी जामखेड तालुक्यात काम सुरू केले. प्रशिक्षित परिचारिकांनी खेड्यात राहून सेवा द्यावी हा प्रथमचा बेत फारसा जमला नाही. त्यानंतर गावानेच आपल्यातली एक बाई निवडावी आणि तिला शिकवावे अशी तजवीज झाली. या बाया बहुधा निरक्षर, पुष्कळशा दलित वा गरीब शेतकरी कुटुंबांतल्या होत्या. नियमाने जामखेडला येऊन, मुक्काम करून, एकमेकींच्या अनुभवांची देवघेव करीत त्या बाळंतपण, जुलाब, लसीकरण, पोषण हे विषय शिकल्या. परंतु आरोळे दांपत्याच्या दृष्टीने औषधोपचार हा कामाचा एक भाग होता. पाण्याची विहीर कोणत्या वस्तीत खोदावयाची, बैठकीत कोणी कोणाशेजारी बसावयाचे, मुलीचे लग्न केव्हा करावयाचे, हे सारे प्रश्न शेतकरी मंडळांतून आणि महिला मंडळांतून चर्चिले जात, आणि मुलाचे आरोग्य हे या सर्वांचे फलित म्हणून पाहिले जाई. जागतिक आरोग्य संघटनेने १९७५ साली जगभरच्या लोकाधारित आरोग्यकार्यावर जो ग्रंथ काढला त्यात जामखेडचा समावेश झाला, तीनच वर्षांनी आल्मा-आटा येथे प्राथमिक आरोग्यसेवेची घोषणा झाली आणि १९७९ साली आरोळे दांपत्याला मॅगसेसे पारितोषिक मिळाले. पुढे २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका तुलनात्मक अभ्यासात, जन्मानंतरचा पहिला महिना पार केलेल्या बालकांच्या मृत्यूचा धोका जामखेडच्या गावांत शेजारच्या गावांपेक्षा सुमारे ३० टक्क्यांनी कमी आढळला. पहिल्या महिन्यातील मृत्यूंत मात्र तसा निश्चित फरक दिसला नाही.

नेमका हा पहिला महिना डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या गडचिरोलीतील कार्याचा विषय झाला. १९८६ साली तेथे आलेल्या या दांपत्याने ‘सर्च’ या संस्थेच्या द्वारे प्रथम बालन्यूमोनियावर काम केले आणि मग नवजात अर्भकांकडे मोर्चा वळविला. ३९ गावांत घरोघर नवजात बालसेवा आणि तुलनेसाठी ४७ गावे, अशी योजना होती. गावातल्या एका स्त्रीला आरोग्यदूत म्हणून तयार केले गेले. बाळाचे वजन करणे, श्वास मोजणे, ऊब देणे, स्तनपानास साहाय्य करणे आणि जंतुसंसर्गाची ठरावीक लक्षणे दिसताच घरीच प्रतिजैविकाचे इंजेक्शन देणे, ही तिची कामे होती. खेड्यातल्या जेमतेम शिकलेल्या बाईच्या हाती सुई देण्यास वैद्यकीय व्यवसायातून मोठा आक्षेप होता, आणि तो अगदीच अनाठायी होता असे म्हणता येणार नाही. म्हणूनच प्रत्येक कृतीची नोंद आणि तपासणी यांवर त्या प्रयोगात असाधारण भर दिला गेला. १९९९ च्या डिसेंबरात ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात निष्कर्ष प्रसिद्ध झाले : तिसऱ्या वर्षी नवजात मृत्युदर तुलनेच्या गावांच्या मानाने ६२ टक्क्यांनी घटला होता. महाराष्ट्रातील अन्य संस्थांनी निरनिराळ्या भागांत हा प्रयोग करून पाहिला आणि २०११ साली केंद्र सरकारने गावपातळीवरील ‘आशा’ आरोग्य कार्यकर्तींमार्फत घरी नवजात बालसेवा देण्याची योजना देशभर स्वीकारली. दवाखान्यात प्रसूती झाल्यास सहा आणि घरी झाल्यास सात भेटी, आणि त्या पुऱ्या केल्यावर २५० रुपये, असे तिचे स्वरूप आहे. इंजेक्शन मात्र राष्ट्रीय योजनेत आशांच्या हाती सरसकट दिले गेले नाही. प्रयोगाचा जो भाग सर्वांत धाडसी होता तोच विस्तारात मागे राहिला, आणि तो राहिल्याने परिणामात किती उणे आले, यावर जाणकारांत आजही मतभेद आहेत.

शासनाचा स्वीकार आणि त्याचे परिणाम

एकात्मिक बालविकास सेवा योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी देशातील ३३ प्रकल्पांत प्रयोगादाखल सुरू झाली. बोर्डीच्या अंगणात जे शिक्षिकांच्या तळमळीने उभे राहिले होते, त्याला या योजनेने सरकारी दप्तर, नेमणूकपत्र आणि मासिक अहवाल यांची जोड दिली. पूरक आहार, लसीकरण, आरोग्यतपासणी, संदर्भसेवा, मातांना मार्गदर्शन आणि शाळापूर्व शिक्षण अशी सहा कामे एका सेविकेच्या आणि एका मदतनिशीच्या अंगावर आली. सर्वोच्च न्यायालयाने अन्नाच्या हक्काविषयीच्या खटल्यात २००१ साली आणि पुन्हा २००६ साली दिलेल्या हुकमांनी योजनेची व्याप्ती प्रत्येक वस्तीपर्यंत नेली; आज महाराष्ट्रात सुमारे १ लाख १० हजार अंगणवाड्या आहेत. हा विस्तार हे मोठेच कर्तृत्व होय. परंतु विस्तार होताना शिक्षण मागे पडले आणि नोंदवही पुढे आली, ही तक्रार सेविकांकडूनच वारंवार ऐकू येते, आणि ती खरी मानण्यास पुष्कळ आधार आहे.

मेळघाटातील बालमृत्यूंनी १९९३ साली महाराष्ट्राला जो धक्का दिला त्यातून या क्षेत्रातील शासकीय विचाराचा दुसरा कालखंड सुरू झाला. ‘कोवळी पानगळ’ हा तेरा संस्थांच्या नोंदींवर आधारलेला अहवाल २००१ साली बाहेर पडला आणि सरकारी नोंदींत न दिसणारे बालमृत्यू त्याने चव्हाट्यावर आणले. या वादळातूनच, तेव्हाच्या औरंगाबाद विभागात काही सनदी अधिकाऱ्यांनी केलेल्या आरंभिक प्रयत्नांचा आधार घेऊन, २००५ साली राजमाता जिजाऊ माता-बाल आरोग्य व पोषण मिशनची स्थापना झाली. मिशनला मोठा निधी वा नवी नोकरभरती दिलेली नव्हती. वजने खरी घ्यावीत, कमी वजनाची मुले लपवू नयेत, सेविका आणि आरोग्यसेविका यांनी एकत्र बसावे, तीव्र कुपोषित मुलांसाठी गावातच ग्राम बालविकास केंद्र चालवावे, यांवर त्याचा भर होता. खरे वजन नोंदविणाऱ्या सेविकेला शिक्षा होणार नाही हे आश्वासन देणे, ही वरकरणी क्षुल्लक वाटणारी गोष्ट मला या सगळ्या इतिहासात फार मोलाची वाटते.

२०१२ साली राज्याने करविलेल्या सर्वंकष पोषण सर्वेक्षणात दोन वर्षांखालील मुलांतील खुजेपणाचे प्रमाण २००५-०६ मधील ३९ टक्क्यांवरून सुमारे २३ टक्क्यांवर आल्याचे दिसले, आणि महाराष्ट्राचे उदाहरण देशाबाहेरही चर्चिले गेले. पुढे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाचे आकडे आले. पाच वर्षांखालील मुलांतील खुजेपणा २००५-०६ मध्ये ४६.३ टक्के होता. तो २०१५-१६ मध्ये ३४.४ टक्के झाला आणि २०१९-२१ मध्ये ३५.२ टक्क्यांवर अडकला. उंचीच्या मानाने कृश असलेल्या मुलांचे प्रमाण तर १६.५ टक्क्यांवरून २५.६ टक्क्यांपर्यंत चढले आणि दोन्ही नंतरच्या सर्वेक्षणांत तेथेच राहिले. वयोगट निराळे, ऋतू निराळे, मोजणाऱ्या संस्थांची रीत निराळी, तेव्हा या आकड्यांची थेट सांगड घालणे बरोबर नाही, हे मिशनच्या समर्थकांचे म्हणणे मान्य केले पाहिजे. तथापि आरंभीचा उतार पुढे का टिकला नाही आणि कृशता का वाढली, याचे सर्वमान्य उत्तर अद्याप कोणापाशी नाही.

आहार कोणी शिजवावा, हा वाद याच कालखंडातला आणि तो वाटतो त्याहून खोल आहे. पूरक आहाराच्या पुरवठ्यात कंत्राटदार नकोत असा सर्वोच्च न्यायालयाचा २००४ चा हुकूम. त्यानंतर महिला संस्थांच्या नावे मोठी कंत्राटे चालतात असा न्यायालयाच्या आयुक्तांचा २०१२ चा आक्षेप. आणि शेवटी २०१९ साली महाराष्ट्रातील हजारो कोटींच्या निविदा रद्द ठरवून खऱ्याखुऱ्या स्थानिक बचत गटांना वाव मिळेल अशी फेररचना करण्याचा आदेश, असा हा क्रम आहे. शासनाचा युक्तिवाद असा होता की लहान गटांना दर्जा, स्वच्छता आणि सूक्ष्म पोषकद्रव्यांचे प्रमाण सांभाळणे कठीण जाते. विरोधकांचे म्हणणे असे की गावात शिजलेली खिचडी मूल आवडीने खाते, आणि बंद पाकिटातील पीठ पुष्कळदा जनावरांपुढे पडते. आदिवासी भागात २०१५ पासून चाललेल्या अमृत आहार योजनेत गरोदर व स्तनदा मातांना दिवसातून एक वेळ ताजे, चौरस जेवण अंगणवाडीतच मिळते. ही योजना दुसऱ्या मताला पुष्टी देते असे तिचे अनुभवी निरीक्षक सांगतात. पण पैसे वेळेवर न आल्यास वाण्याची उधारी सेविकेच्या नावावर चढते, हेही ते सांगतात.

शाळा आणि वस्ती

शिक्षणाच्या बाजूने पाहता वस्तीतील शिक्षित तरुणीला शाळेच्या मदतीस घेण्याचा सर्वांत काळजीपूर्वक तपासलेला प्रयोग मुंबईतच झाला. १९९० च्या दशकाच्या मध्यास मुंबईत स्थापन झालेल्या ‘प्रथम’ या संस्थेने महापालिकेच्या शाळांत बालसखी नेमल्या. दहावीच्या आसपास शिकलेली, वस्तीतलीच मुलगी, दोन आठवड्यांचे प्रशिक्षण घेऊन, तिसरी-चौथीतील मागे पडलेल्या पंधरा-वीस मुलांना रोज दोन तास वेगळे घेऊन बसे. २००१ ते २००३ या काळात मुंबई आणि वडोदरा येथे अर्थशास्त्रज्ञांनी केलेल्या चाचणीत या मुलांची प्रगती स्पष्ट दिसली, विशेषतः सर्वांत मागे असलेल्यांची. मात्र बालसखी निघून गेल्यावर एका वर्षाने त्या प्रगतीचा मोठा अंश ओसरल्याचेही त्याच अभ्यासाने नोंदविले.

याच मंडळींनी उत्तर प्रदेशातील जौनपूर जिल्ह्यात ग्राम शिक्षण समित्यांवर केलेला अभ्यास या विषयाच्या प्रत्येक अभ्यासकाने वाचावा असा आहे. बहुतेक पालकांना आपल्या गावात अशी समिती आहे हेच ठाऊक नव्हते. बैठका घेऊन, अधिकारांची माहिती देऊन, मुलांच्या वाचनाची स्थिती गावापुढे मांडूनही समित्या हलल्या नाहीत आणि शाळेत फरक पडला नाही; परंतु गावातल्या तरुणांना वाचनवर्ग घेण्याचे शिक्षण दिले तेथे ते पुढे आले, आणि वर्गात बसलेली मुले वाचू लागली. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या स्त्रिया असाव्यात असे ठरविले आहे. या समित्यांवर विश्वास ठेवणारे म्हणतात की अधिकार रुजावयास एक पिढी जाते आणि दोन-तीन वर्षांच्या चाचणीने त्यांचे मोल ठरविणे अन्यायाचे होय. या म्हणण्यात तथ्य आहे. तरीही मजुरी बुडवून बैठकीस आलेल्या बापाच्या हाती शिक्षकाच्या बदलीविषयी वा इमारतीच्या निधीविषयी काहीच नसेल, तर त्याने पुन्हा का यावे, याचे उत्तर त्यांना द्यावे लागेल.

ज्यांचे गावच फिरते असते

गाव हे साधन मानणाऱ्या साऱ्या विचाराची खरी कसोटी ऊसतोड कामगारांच्या मुलांपाशी लागते. दिवाळीच्या आसपास बीड आणि शेजारच्या जिल्ह्यांतील लक्षावधी माणसे मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेऊन पश्चिम महाराष्ट्रातल्या आणि कर्नाटकातल्या कारखान्यांकडे निघतात. नवरा-बायकोच्या जोडीला ‘कोयता’ म्हणतात आणि हिशेब कोयत्यावर होतो. त्यामुळे बाईला मागे ठेवता येत नाही, आणि बाई गेली की लहान मूल तिच्याबरोबर जाते. पाच-सहा महिने ते मूल कोणत्याच अंगणवाडीच्या पटावर धड नसते. मोठी बहीण त्याला सांभाळते, म्हणून तिची शाळा बुडते.

या मुलांसाठी दोन उपाय पुढे आले आणि दोहोंचे समर्थक तितकेच कळकळीचे आहेत. कारखान्याच्या आवारात साखरशाळा काढावी, म्हणजे मूल आईबापांपाशी राहील, असे एक मत. साखरशाळांनी हजारो मुले शिकविली; पण टोळ्या गाळपाबरोबर फडाफडांतून हलत असल्यामुळे शाळा एका जागी आणि मुले दुसऱ्या जागी अशी गत होई, शिक्षक मिळत नसत, आणि साखरशाळेमुळे मुलांना फडावर नेण्यास उलट प्रोत्साहनच मिळते असाही आक्षेप आला. म्हणून मुलाने गावातच राहावे, आजी-आजोबांपाशी किंवा हंगामी वसतिगृहात जेवून गावच्याच शाळेत जावे, हे दुसरे मत पुढे आले आणि शासनाने हंगामी वसतिगृहांना अनुदान दिले. परंतु गावात राहिलेल्या अकरा-बारा वर्षांच्या मुलीच्या सुरक्षिततेची काळजी आईला फडावरही स्वस्थ बसू देत नाही; लहान वयात लग्न उरकून टाकण्यामागे ही काळजी हे एक मोठे कारण असल्याचे बीड जिल्ह्यात काम करणारे सांगतात. वीटभट्टीवरील मुलांसाठी ठाणे जिल्ह्यात निघालेल्या भोंगाशाळांचा अनुभवही याच धर्तीचा आहे. मला असे वाटते की येथे शाळा कोठे भरवावी याहून उचलीची आणि कोयत्याची पद्धत हा मूळ प्रश्न आहे, आणि बालकल्याण खात्याच्या अखत्यारीत तो येतच नाही.

मतभेदाचे मुख्य प्रवाह

एक पक्ष म्हणतो की गावातल्या बाईला थोडी, नेमकी, सिद्ध झालेली कामे द्यावीत, ती उत्तम शिकवावीत आणि मोजावीत. गडचिरोली आणि बालसखी ही त्याची उदाहरणे. दुसरा पक्ष म्हणतो की स्त्रियांचे संघटन, जातिभेदाचा प्रतिकार आणि पाणी-रोजगार यांना हात घातल्यावाचून मुलाचे भले टिकत नाही; जामखेड हे त्याचे उदाहरण. दुसऱ्या पक्षाला शास्त्रीय आधार मिळाला तो झारखंड व ओडिशातील ‘एकजुट’ संस्थेच्या प्रयोगातून : महिलांच्या गटांनी महिन्यातून एकदा जमून गोष्टींच्या आणि खेळांच्या द्वारे बाळंतपणाच्या अडचणींवर स्वतःच तोड काढावी, एवढीच त्याची रीत होती, आणि २०१० साली ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या निष्कर्षांनुसार शेवटच्या दोन वर्षांत नवजात मृत्यू सुमारे ४५ टक्क्यांनी कमी झाले. परंतु जवळजवळ हीच रीत ‘स्नेहा’ संस्थेने मुंबईच्या ४८ वस्त्यांत २००६ ते २००९ दरम्यान चाचणीखाली वापरली तेव्हा लक्षात येण्याजोगा फरक आढळला नाही. शहरात बाळंतपणे आधीच रुग्णालयांत होत होती, भाडेकरू सतत बदलत होते, आणि गटांत येणाऱ्या बायांचे प्रमाण थोडे होते, अशी कारणे सांगितली जातात. अपयशाचा हा वृत्तांत संस्थेने स्वतः प्रसिद्ध केला, याबद्दल तिचे ऋण मानले पाहिजे.

तिसरा पक्ष अन्नाच्या आणि कामाच्या हक्कासाठी झगडणाऱ्यांचा. त्यांचे म्हणणे असे की गरिबांनीच गरिबांचा भार उचलावा ही मागणी मुळात अन्यायाची आहे. मजुरी पुरेशी असेल, रेशन वेळेवर असेल, दवाखान्यात डॉक्टर असेल, तर वस्तीकडे वेगळे काही मागावे लागणार नाही. २०२३ ची ‘लेक लाडकी’ योजना किंवा बालसंगोपन योजनेतील मासिक अनुदान, अशा थेट रकमेच्या योजनांचा कल या मताशी अंशतः जुळता आहे. पैसा हाती आल्याने आईचा अधिकार वाढतो हे खरे. पण पहिल्या आठवड्यात बाळ दूध ओढेनासे झाले तर रात्री कोण येईल, या प्रश्नाला रक्कम उत्तर देत नाही.

हे सारे मत-प्रवाह अखेर एकाच व्यक्तीपाशी येऊन मिळतात. कोसबादची शिक्षिका, जामखेडची गावसेविका, गडचिरोलीची आरोग्यदूत, बालसखी, आशा, अंगणवाडी सेविका : ज्या प्रयोगांना यश आले त्यांपैकी बहुतेकांत गावचीच एक स्त्री, निश्चित काम, सतत चालू राहणारे शिक्षण आणि पाठीशी उभी असलेली कोणी जाणती व्यक्ती, या गोष्टी एकत्र होत्या. तिचा दर्जा मात्र आजही अनिश्चित आहे. तिला पगार नसून मानधन मिळते. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२२ मध्ये सेविका व मदतनीस यांना उपदान (ग्रॅच्युइटी) मिळण्याचा हक्क मान्य केला, आणि २०२३ च्या डिसेंबरापासून पुढील जानेवारीपर्यंत महाराष्ट्रातील सेविकांनी दीर्घ संप केला. तिला नियमित नोकर केल्यास ती गावाची न राहता खात्याची होईल, अशी भीती काही जुने कार्यकर्ते प्रामाणिकपणे व्यक्त करतात. मला ती भीती समजते, पण पटत नाही. शिक्षकाला वेतन मिळते म्हणून तो गावाचा उरत नाही असे आपण म्हणत नाही. तिचे उत्तरदायित्व ग्रामसभेपाशी असावे की पर्यवेक्षिकेपाशी, हा मात्र खरा आणि अवघड प्रश्न आहे. पेसा, म्हणजे अनुसूचित क्षेत्रांतील पंचायतींविषयीच्या, कायद्याखालील गावांना २०१५ पासून आदिवासी उपयोजनेचा ५ टक्के निधी थेट मिळू लागल्यावर काही ग्रामसभांनी तो मुलांच्या कामी लावला आणि काहींनी रस्त्याच्या कामी. या अनुभवाची पद्धतशीर तुलना झाल्यास या प्रश्नावर पुष्कळ प्रकाश पडेल.

जेथे सर्व मार्ग तोकडे पडतात

सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंतचे मूल हा या क्षेत्रातील सर्वांत उघडा भाग राहिला आहे. खुजेपणा याच वयात पक्का होतो, आणि याच वयासाठी अंगणवाडी घरी नेण्याच्या शिध्यापलीकडे फारसे देऊ शकत नाही, कारण ती काही तास चालते आणि मजूर आई दिवसभर बाहेर असते. बांधकामांवरील मुलांसाठी ‘मोबाइल क्रेशेस’ने १९६९ पासून दिल्लीत आणि नंतर मुंबईत पाळणाघरे चालवून दाखविली. कायद्याची उणीव नाही : पन्नासहून अधिक स्त्रिया असलेल्या बांधकामावर पाळणाघर असावे असे १९९६ च्या कायद्याने ठरविले, आणि रोजगार हमीच्या कामावर सहा वर्षांखालील पाच मुले असल्यास त्यांना सांभाळण्यासाठी एका स्त्रीची नेमणूक करून तिला मजुरी द्यावी अशी तरतूद केली गेली. कंत्राटदार स्त्रियांची संख्या पन्नासच्या आत दाखवितो, आणि रोजगार हमीच्या हजेरीपटावर मुलांसाठी रकाना भरला जात नाही. अंगणवाडीलाच दिवसभराचे पाळणाघर जोडण्याची योजना अलीकडे आली आहे. परंतु तिच्यातील दुसऱ्या बाईचे मानधन कोणत्या खात्यातून आणि किती, फडावर पहाटे चार वाजता निघणाऱ्या आईसाठी दार किती वाजता उघडावयाचे, आणि पाच मुले असलेल्या पाड्याला ते केंद्र मिळावे की पंचवीस मुले असलेल्या गावाला, याविषयी अद्याप एकवाक्यता झालेली नाही.